लेनाकाठची वैरण

याकुत्स्क शहराला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी जेमतेम २४० मिलिमीटर पाणी मिळतं. आमच्या माणदेशात सरासरी याच्या दुप्पट पाऊस पडतो, आणि तरीही दहिवडी-आटपाडीच्या बाजूला दर काही वर्षांनी जनावरं दावणीची सोडून छावणीत न्यावी लागतात. मी पशुवैद्य. १९७२ च्या दुष्काळात छावण्यांमधून काम केलेला. चाऱ्याची पेंढी पाहिली की ती किती जनावरांना पुरेल हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. लेना नदीच्या पूर्वेला, ६२ अंश उत्तर अक्षांशावर, मांडीपर्यंत वाढलेलं हिरवंगार गवत वाऱ्यावर हलताना पाहिलं, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की एवढ्याशा पाण्यावर हे वाढतं कसं?

उत्तर पायाखाली होतं. त्या सगळ्या मुलखाची जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, जंगलात कमी, मोकळ्या कुरणात दीड-दोन मीटरपर्यंत. त्याखाली दगडासारखी गोठण. पावसाचं पाणी खाली मुरायला जागाच नाही, त्यामुळे ते मुळांच्या टप्प्यातच राहतं. फ्योदर शेर्गिन नावाच्या, रशियन-अमेरिकन कंपनीच्या एका नोकरानं १८२८ मध्ये याकुत्स्कमध्ये विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत माणसं खणत राहिली. ११६ मीटर खोल गेली, तरी गोठलेली माती संपली नाही आणि पाण्याचा थेंब लागला नाही. पाण्यासाठी हा खड्डा वाया गेला, पण गोठलेल्या जमिनीचा शास्त्रशुद्ध अभ्यास जगात जिथून सुरू झाला, त्यातली ही एक जागा. पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं याच खड्ड्यात वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं. जी गोठण विहिरीला पाणी देत नाही, तीच गवताला देते. हे एकदा ध्यानात आलं की तिथली सगळी शेती समजायला लागते.

१९८७ साली सोव्हिएत संघात भारत महोत्सव सुरू झाला. त्या दिवसांत निरनिराळ्या क्षेत्रांतल्या लोकांचं जाणं-येणं वाढलं होतं. दुग्धव्यवसायातल्या आम्हा चौघा-पाचजणांच्या गटाला याकुत स्वायत्त प्रजासत्ताकातले सोव्खोज, म्हणजे सरकारी शेतं, दाखवायचं ठरलं. आमच्या गावच्या वाचनालयात ‘सोव्हिएत देश’ यायचा. त्याच्या गुळगुळीत पानांवर युक्रेनमधला गहू आणि त्यातून ओळीनं जाणारी कापणीयंत्रं पाहून आम्ही लहानाचे मोठे झालो. उत्तरेकडची शेती मात्र त्या पानांत फारशी आलेली आठवत नव्हती, म्हणून मला हा प्रवास फार हवासा होता. त्या प्रजासत्ताकाचा विस्तार सुमारे ३१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या देशाएवढा. लोकवस्ती त्या वेळी दहा-अकरा लाख. मॉस्कोहून विमानानं सहा-सात तास उडालो, घड्याळ सहा तास पुढे केलं, आणि उतरलो तेव्हा उकडत होतं. जुलैत तिथे दुपारी तीस अंशांवर पारा चढतो. त्याच शहराचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे चाळिसाच्या आसपास असतं.

लेना ओलांडायला पूल नव्हता. फेरीबोटीवर मालमोटारी, ट्रॅक्टरचे सुटे भाग, एक शिंगरू आणि आम्ही. हिवाळ्यात नदीच रस्ता होते, तिच्यावरून ट्रक धावतात. नदी गोठायच्या आणि फुटायच्या दिवसांत मात्र या काठाचा त्या काठाशी संबंध तुटतो. पलीकडच्या निझ्नी बेस्त्याखपासून पूर्वेला चुराप्चाकडे धुळीचा रस्ता जातो. दोन्हीकडे लार्चचं जंगल. मैलोन्‌मैल तेच ते झाड, आणि मग अचानक जंगल दुभंगून समोर एक मोठी हिरवी परात येते. तिच्या तळाशी तळं, तळ्याभोवती कुरण, कडेला जंगलाची कड. याला तिथे अलास म्हणतात.

जमिनीच्या पोटात बर्फाच्या जाड पाचरी असतात. कधीकाळी वरचं जंगल जळालं किंवा हवा उबदार झाली की त्या वितळतात, जमीन खचते, खळग्यात तळं होतं. तळं हळूहळू आटत जातं आणि त्याच्या गाळावर गवत येतं. मध्य याकुतियात असे हजारो अलास आहेत, काही वावराएवढे, तर त्युंग्युल्यूसारखे काही इतके मोठे की पलीकडची माणसं ठिपक्यांसारखी दिसतात. काही शतकांपूर्वी दक्षिणेकडून घोडे आणि गाई घेऊन आलेले तुर्की वंशाचे सखा लोक, ज्यांना बाहेरचे याकुत म्हणतात, ते या अलासांच्या आधारानंच इथे टिकले. एकेका कुटुंबाचा एकेक अलास. हिवाळ्याचं घर एकीकडे, उन्हाळ्याचं दुसरीकडे. मे महिन्यात जनावरं घेऊन उन्हाळी घरी जायचं, सप्टेंबरात परत. हिवाळ्यासाठी राखलेलं गवत जनावरांच्या तोंडी आधीच पडू नये, एवढ्यासाठी ही दोन घरं. हे लोक ज्या थंडीत जनावरं पाळतात ती ध्यानात घेतली तर या शिस्तीचं मोल कळतं. याच प्रजासत्ताकातल्या ओयम्याकोनला १९३३ मध्ये उणे ६७.७ अंशांची नोंद झाली आहे.

आम्ही पोचलो तेव्हा कापणी ऐन भरात होती. सपाट भागात ट्रॅक्टरची कापणीयंत्रं, तळ्याच्या काठच्या दलदलीत माणसं. गावात कोणी दिसत नव्हतं. शाळेतले शिक्षक, दवाखान्यातली परिचारिका, शहरातल्या कारखान्यातून पाठवलेली तरुण मुलं, सगळे कुरणात. दिवस वीस तासांचा, त्यामुळे ‘संध्याकाळ झाली’ म्हणून काम थांबत नव्हतं. पाऊस आला तर थांबत होतं.

एका कोपऱ्यात सत्तरीचा एक म्हातारा लांब दांड्याच्या विळ्यानं एकटाच कापत होता. मी बराच वेळ त्याच्या मागे उभा राहिलो. पाय फाकवून, कमरेतून वळून, जमिनीला जवळजवळ चिकटून तो पातं फिरवायचा. प्रत्येक फेरीला अर्ध्या चंद्राएवढं गवत डाव्या हाताला ओळीत पडायचं. पंधरा-वीस फेऱ्या झाल्या की थांबायचा, मूठभर गवतानं पातं पुसायचा आणि खिशातला दगड दोन्ही बाजूंनी सरसर फिरवायचा. दुपारी त्यानं एका ओंडक्यात ठोकलेल्या लहानशा ऐरणीवर पात्याची कड ठेवली आणि हातोडीनं इंच-इंच ठोकत ती पातळ करत नेली. अर्धा तास तेच काम. बोटाच्या नखावर कड दाबून पाहायचा. ती किंचित लवली की पुढे सरकायचा. यंत्र इथे रुततं, म्हणून या काठाचं गवत माझ्या वाट्याला येतं, असं त्यानं आमच्या दुभाष्याला सांगितलं. दुभाषी मॉस्कोचा, उत्तम हिंदी बोलणारा तरुण. सखा भाषा त्यालाही येत नव्हती, त्यामुळे गावातली एक शिक्षिका मध्ये असायची.

डास इतके की बोलताना तोंडात जावेत. तरुण मुलांनी जाळ्या बांधल्या होत्या. म्हातारा लाकडी मुठीला बांधलेला घोड्याच्या केसांचा झुपका खांद्यावरून मागे-पुढे मारत होता. गुरांसाठी वेगळी सोय. वाळलेल्या शेणाचे ढीग पेटवून नुसते धुमसत ठेवलेले, आणि त्या निळ्या धुरात गाई डोळे मिटून उभ्या. चरायचं रात्री थोडं गार झाल्यावर, दिवसा धुरात. शेणाच्या धुरात उभी असलेली गुरं मी आयुष्यभर पाहिली होती. लेनेच्या काठी ती पाहून मला फार बरं वाटलं.

गव्हाणीत बांधायचा काळ सप्टेंबर-अखेर ते मे, म्हणजे आठ महिने. एका गाईला एवढ्या दिवसांत दोन टनांच्या आसपास वाळलेलं गवत लागतं. आणि ते सगळं जुलै-ऑगस्टच्या सात-आठ आठवड्यांत कापून, वाळवून, गंजी रचून ठेवायचं. शेती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धान्य येतं. इथे बार्ली, ओट आणि थोडा गहू होतो, बटाटे आणि कोबी बऱ्यापैकी, काचघरांत काकड्या. आम्गाच्या खोऱ्यात धान्य पिकवायला झारच्या काळात रशियन शेतकरी वसवले होते. लेखक करल्येन्का १८८० च्या दशकात तिथेच हद्दपारीत होता. याकुत्स्कभोवती स्कोप्त्सी नावाच्या हद्दपार धर्मपंथानं उत्तम शेती केली. पण बिनहिवाचे दिवस जिथे नव्वद-पंचाण्णव, तिथे खरं पीक एकच, आणि ते म्हणजे गवत. बाकी सगळं, दूध, लोणी, मांस, कातडी, सणवारसुद्धा, या गवतातून येतं.

सोव्खोजच्या गोठ्यात आम्हाला मोठ्या कौतुकानं नेलं. लांबलचक लाकडी इमारत, दूध काढायची यंत्रं, भिंतीवर धार काढणाऱ्या बायकांची नावं आणि त्यांच्या दुधाचे आकडे. गाई काळ्या-पांढऱ्या, अर्खांगेल्स्ककडच्या खोल्मोगरी रक्ताच्या, आणि काही तांबड्या-पांढऱ्या, सिमेंटल रक्ताच्या. शरीरानं चांगल्या, कास मोठी. वर्षाला दोन हजार लिटरच्या पुढे दूध देणाऱ्या. सोव्खोजच्या पशुवैद्यानं मला एका गाईची कास दाखवली. आचळांवर जुने व्रण होते. हिवाळ्यात पाण्यासाठी तळ्याच्या बर्फातल्या भोकापर्यंत चालत न्यावं लागतं, तेव्हा कास गारठून फाटते. म्हणून तिथे गाईच्या कासेला केसाळ कातड्याची पिशवी बांधतात. त्यानं ती पिशवी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. चार नाड्या, आत ससा-कोल्ह्याची लव, शिवण दुहेरी. कुणा बाईनं फार मायेनं शिवलेली होती.

मी विचारलं, जुन्या गाईंना काय बांधायचे?

काही नाही, तो म्हणाला. जुन्या याकुत गाईची कास लहान आणि केसांनी झाकलेली. खांद्यापाशी उंची ११० सेंटिमीटरच्या आसपास, अंगावर दाट लोकर, पाय आखूड, पाठीवर बहुधा पांढरा पट्टा. दूध वर्षाला हजार लिटर, कधी कमी, पण स्निग्धांश पाच टक्क्यांच्या वर. उन्हाळ्यात भराभर चरबी साठवते, हिवाळ्यात थोडक्यावर जगते, वाळक्या फांद्याही खाते. १९२९-३० पासून तिच्यावर सिमेंटल आणि खोल्मोगरी वळूंचा संकर सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी लाखांनी होती, ती शुद्ध स्वरूपात उत्तरेला वेर्खोयान्स्क पर्वतापलीकडच्या साक्किरिरच्या बाजूला तेवढी उरली. तिथे रस्ता नाही, म्हणून वळूही पोचला नाही. मध्य याकुतियातून ती गेल्यातच जमा होती.

हे ऐकताना माझ्यासमोर खिल्लार उभा होता. आमच्याकडेही त्याच वर्षांत जर्सी आणि होल्स्टीनचा संकर जोरात होता. मी स्वतः तो केला आहे, आणि ज्या घरात पाण्याची सोय होती तिथे त्यानं संसार उभे राहिलेले पाहिले आहेत. दूध वाढवणं हे पाप नव्हे. पण संकरित गाय ही एकटी येत नाही. ती आपल्याबरोबर पेंड मागते, गार सावली मागते, डॉक्टर मागते. याकुतियात ती पेंड कुठून येत होती? सैबेरियाच्या दक्षिणेकडून रेल्वेनं उस्त-कुतच्या असेत्रोवो बंदरापर्यंत, तिथून बार्जवर चढून लेनेवाटे हजार-बाराशे मैल उत्तरेला. नदी पाच महिने मोकळी. त्या पाच महिन्यांत पोचलं ते पोचलं. अलासाचं गवत खाऊन अलासातच भागवणारी गाय काढून तिच्या जागी बंदरावर अवलंबून असलेली गाय बांधली, यात दुधाचा आकडा वाढला हे खरं. पण त्या आकड्यातून बार्जचं इंधन कुणी वजा करत नव्हतं. त्या पशुवैद्यालाही हे पुरतं ठाऊक होतं. तो सरकारी माणूस होता, तरी माझ्याशी मोकळेपणानं बोलला. आम्ही दोघे त्या रात्री उशिरापर्यंत वशिंड, कास आणि खुरं यांवर बोलत बसलो होतो आणि दुभाषी बिचारा पेंगत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला एका आजींच्या परड्यात नेलं. घरटी एखादी गाय बाळगायची मुभा होती, आणि आजींची गाय लहानखुरी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली. शुद्ध नव्हे, पण जुनं रक्त बरंच असावं. आजींनी तिच्या दुधाचं विरजलेलं दही दिलं, वर फेटलेली साय आणि रानबोरं. घट्ट, किंचित पिवळसर दही. कवडी तशीच्या तशी चमच्यावर उभी राहत होती. आजी म्हणाल्या, ही सोव्खोजच्या गाईच्या निम्मं खाते आणि मार्चमध्ये गवत संपत आलं की हंबरत नाही.

माणसं जंगल तोडून नवी शेतं काढत होती, त्यातली काही चुराप्चाजवळ पाहिली. दुरून वाटलं कुणी मुद्दाम आळी केली आहेत. जवळ गेलो तर सबंध वावरभर कंबरेएवढे उंचवटे आणि मध्ये चर. झाडी गेली, ऊन थेट मातीवर पडलं, खालच्या बर्फाच्या पाचरी वितळल्या आणि शेत खचलं. नांगर तर सोडाच, गवत कापायचं यंत्रही त्यात चालेना. आराखड्यात ती जमीन अजून लागवडीखाली होती. जंगल तोडून वावर काढायचा नियम युक्रेनला लागू पडतो, इथे पडत नाही, हे सांगणारी म्हातारी माणसं प्रत्येक गावात होती. त्यांना विचारलं गेलं नाही.

घोड्यांवर मात्र कुणाला फारशी सुधारणा करता आली नाही, आणि म्हणून ते टिकले. याकुत घोडा बुटका, ढोलकासारख्या पोटाचा, हिवाळ्यात बोट बुडेल एवढ्या लांब केसांचा. त्याला गोठा नसतो. उणे पन्नासातही तो उघड्यावर राहतो आणि खुरानं बर्फ उकरून खालचं गवत खातो. गाईला माणूस चारतो, घोडा स्वतः चरतो, एवढ्या एका फरकावर तिथलं सगळं गणित बसलेलं. कमी गवतात जास्त जनावरं ठेवायची तर घोडे ठेवायचे. जुलैत शिंगरांना दिवसभर एका लांब ताणलेल्या दोराला बांधून ठेवतात. घोड्या चरून-चरून पिलांपाशी येतात, तेव्हा त्यांची धार काढायची. थोडं-थोडं, दिवसातून अनेकदा. त्याचा आंबवून कुमिस करतात. पूर्वी तो कातडी बुधल्यात घुसळायचे. प्यायला दिला तो चोरोनमधून, म्हणजे बर्च लाकडाच्या तीन पायांच्या उभट पात्रातून. पायांना घोड्याच्या खुरांचा आकार, अंगावर कोरीव पट्टे. चव आंबट, पातळ, नाकाला झिणझिण्या आणणारी. उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या इसिआख सणात हाच कुमिस अग्नीला आणि धरतीला शिंपडतात, मग हात धरून गोल नाचतात. सोव्हिएत काळात त्याला कामाच्या हंगामाचा उत्सव असं रूप दिलं होतं, तरी कुमिस शिंपडायचं कुणी सोडलं नव्हतं. पुढे सोव्हिएत राज्य गेल्यावर तो प्रजासत्ताकाचा अधिकृत सण झाला.

चुराप्चाच्या पुढे तात्ता जिल्ह्यात चेर्केख नावाचं गाव आहे. लेखक सुओरुन ओमोल्लोन यांनी तिथे १९७७ मध्ये राजकीय हद्दपारांचं संग्रहालय उभं केलं. जुनी घरं उचलून आणून मांडलेली. त्यात बालागान होतं: आतल्या बाजूला कललेल्या ओंडक्यांच्या भिंती, सपाट मातीचं छत, आणि बाहेरून सबंध भिंत शेण-मातीनं लिंपलेली. दर शरदात बायका हाताने नवा थर द्यायच्या. लिंपणावर बोटांचे अर्धगोल उमटलेले होते. माझ्या आजीच्या घराच्या कुडावर हेच अर्धगोल होते, त्यामुळे मी हात लावल्याशिवाय पुढे जाऊ शकलो नाही. आमच्याकडे शेण भिंतीला भेगा पडू नयेत म्हणून. इथे भेगेतून वारा आला तर माणूस गारठून मरतो.

बालागानाला लागूनच खोतोन, म्हणजे गोठा. मधल्या दारातून गाईंची ऊब माणसांकडे यायची. ऊब आली तशी ओलही आली, धूरही, क्षय आणि डोळ्यांचे रोगही. सोव्हिएत सत्ता आल्यावर गोठा घरापासून वेगळा करायची मोहीम निघाली, आणि तिनं असंख्य माणसांचे डोळे वाचवले. गावागावात शाळा आल्या, लसी आल्या, बाळंतपणाला डॉक्टर आला. जुन्या गाईबद्दल मला हळहळ वाटते म्हणून हे सांगायचं टाळणं मला योग्य वाटत नाही.

आणि दुसरंही सांगायला हवं. १९३९ पासून त्या मुलखात ओळीनं दुष्काळ पडले. अलासांतली तळी आटली, गवत करपलं, गुरं मेली. १९४२ मध्ये, युद्धाच्या ऐन काळात, चुराप्चा जिल्ह्यातल्या ४१ सामुदायिक शेतांतल्या हजारो माणसांना घरं सोडायला लावून उत्तरेला लेनेच्या खालच्या अंगाला मासेमारीसाठी पाठवलं. गुरं राखणारी माणसं. त्यांना ना जाळी माहीत, ना नदी. राहायला घरं नव्हती. भुकेनं आणि थंडीनं त्यांतले खूपजण गेले. आमच्या भेटीत याबद्दल उघड कुणी बोललं नाही. फक्त त्या दह्याच्या आजींनी एवढं म्हटलं होतं की लहानपणी आम्ही उत्तरेला होतो, आणि आई तिथेच राहिली. त्याचा अर्थ मला पुढे काही वर्षांनी, हा सगळा इतिहास छापून येऊ लागला तेव्हा लागला. आमच्याकडे दुष्काळात जनावरं छावणीला जातात. तिथे माणसांना पाठवलं होतं.

परतीच्या वाटेवर एका लोहाराकडे थांबलो. दिवसा तो सोव्खोजच्या कापणीयंत्राची पाती सांधायचा, रात्री स्वतःचं काम. सखा लोक लोहाराला फार मानतात. लोहार आणि शमन एकाच घरट्यातले असं त्यांच्याकडे समजतात. शमन सोव्हिएत काळात उरले नाहीत, लोहार उरले, कारण त्यांच्याशिवाय गवत कापलं जात नव्हतं.

त्यानं चाकू दाखवला. पात्याची एक बाजू किंचित फुगीर, तिलाच धार. दुसरी सपाट, तीत एक लांब उथळ पन्हळ. असं एकतर्फी पातं लाकूड छिलताना वळत नाही, मासा आणि गोठलेलं मांस पातळ कापतं, आणि हिवाळ्याच्या लांब रात्रीत नुसत्या दगडावर पुन्हा परजता येतं. मूठ बर्चच्या गाठीची, अंड्याच्या आकाराची, म्हणजे जाड हातमोज्यातही फिरत नाही. म्यान लाकडाचं, वर बैलाच्या शेपटीचं कातडं. शेपटी सोलून नळीसारखी ओली चढवायची, वाळली की ती आवळून बसते आणि कुठेही शिवण लागत नाही. माझ्या हयातीत मी किती शेपट्या पाहिल्या असतील, पण त्यांचा हा उपयोग कुणाला सुचेल असं वाटलं नव्हतं.

मग खोमुस, आपल्याकडच्या मोरचंगाच्या जातीचं वाद्य. लोखंडाची गोल कडी, तिच्यापासून पुढे निघालेल्या दोन सरळ दांड्या, आणि दोन्हींच्या मधून जाणारी पोलादाची जीभ, टोकाशी काटकोनात वळवलेली. सगळा जीव त्या फटीत. जीभ दांड्यांना घासली तर आवाज बसतो, फट रुंद झाली तर नुसती हवा. लोहार एकदा कानस फिरवायचा, उजेडाकडे धरायचा, दातांना लावून जीभ छेडायचा आणि ऐकायचा. पुन्हा कानस, पुन्हा दात. असं किती वेळ चाललं याचं भान आम्हाला राहिलं नाही. शेवटी त्यानं डोळे मिटून वाजवलं. त्यात टापा होत्या, कोकिळा होती, बर्फाचं पाणी ठिबकत होतं. हे सगळं एका माणसाच्या तोंडाच्या पोकळीतून. ऑगस्टपर्यंत मला याला वेळ नाही, तो म्हणाला, आता पात्यांचा हंगाम आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आजींच्या गावच्या अलासात गंजी मोजायला माणसं जमली होती. गंजीची लांबी-रुंदी तर मोजायचीच, शिवाय एका बाजूच्या जमिनीपासून माथ्यावरून पलीकडच्या जमिनीपर्यंत दोर टाकायचा आणि त्याची लांबी घ्यायची. या तीन मापांवरून घनफळ, आणि गंजी रचून किती आठवडे झाले, गवत किती दबलं, यावरून वजन. तुकडीप्रमुख शाळेच्या वहीत आकडे मांडत होता. उरलेल्या कुरणाचा अंदाज धरून बेरीज झाली, दोन टनांनी भागलं, आणि गोठ्यातल्या गाईंपैकी पाच त्यात बसेनात.

विळावाला म्हातारा म्हणाला, जुन्या गाई असत्या तर पाचही बसल्या असत्या. तुकडीप्रमुखानं विचारलं, आणि दूध कुठून आणू? म्हाताऱ्यानं तळ्याकडे हात केला. या तळ्याएवढं दूध आहे, त्यापेक्षा जास्त मागायला कुणी सांगितलं? यावर तिथे बराच वाद झाला. शिक्षिकेनं सांगता येईल तेवढं आम्हाला सांगितलं. तरुण पोरं प्रमुखाच्या बाजूनं होती, बायका म्हाताऱ्याच्या. पशुवैद्य गप्प होता. थोड्या वेळानं त्यानं वही मागून घेतली आणि पहिल्या बर्फाआधी कमी करायच्या गाईंची नावं तो लिहू लागला. दोन वर्षं गाभण न राहिलेली एक. एक आचळ गेलेली दुसरी. तिसरीच्या वयाबद्दल कागदावर घोळ होता, म्हणून त्यानं मला बोलावलं. मी बाह्या सरसावल्या, गाईची जीभ बाजूला धरली आणि दात मोजायला लागलो.